चार दांड्या

आमच्या मालकाला सगळं चकाचक लागतं. काम नव्हे, फोटो.

सर्किट बोर्डाचं चित्र संगणकावर मी काढतो. ज्या पॅडवर, म्हणजे तांब्याच्या टिकलीवर, वितळलेलं सोल्डर बसतं, तो भोवतीच्या तांब्याला चार बारीक दांड्यांनीच जोडायचा असतो. म्हणजे उष्णता तांब्यात पळून जात नाही आणि सोल्डर पक्कं धरतं. मालक माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "ही कसली जाळी? भरून टाक सगळं. गिऱ्हाइकाला फोटो जायचाय." त्याच्या तोंडाला शिळ्या तंबाखूचा वास येत होता. पुढे काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी "हो साहेब" म्हणालो आणि एका क्लिकमध्ये सगळ्या दांड्या घालवल्या.

सोल्डरिंगला माझी सख्खी वहिनी. अकरा वर्षं तेच टेबल. बोर्ड आले त्या दिवशीच ती म्हणाली, "भावजी, हे पॅड तापतच नाहीत हो. कितीही वेळ धरा, सोल्डर वरवरच बसतं."

"तापमान वाढवा," मी म्हणालो आणि चहाला गेलो.

तीन आठवड्यांत चाळीस बोर्ड परत आले. सोल्डर सुटलेलं. मालकानं ते वहिनीपुढे आपटले. "अकरा वर्षांत हात बसला नाही तुझा? उद्यापासून येऊ नकोस!" सगळ्यांदेखत. मी दोन टेबलं पलीकडे बसलो होतो, माउस हलवत, फार काम असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मालक हळूच म्हणाला, "ती जाळी परत घाल. बोलू नकोस कुठे." म्हणजे त्यालाही कळलं होतं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आम्ही दोघं. शी!

मी दांड्या घातल्या. नवी बाई आली, तिनं भराभर सोल्डर केलं. मालक तिची पाठ थोपटून म्हणाला, "याला म्हणतात हात!"

रविवारी दादाकडे जेवायला गेलो. वाढता वाढता वहिनीनं विचारलं, "नव्या बाईला जमतंय का हो ते बोर्ड?"

"जमतंय."

ती क्षणभर स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. "मग माझाच हात गेला म्हणायचा. उगाच तुमच्या पॅडना नावं ठेवली मी. राग नका मानू, भावजी. आणखी वाढू?"

मला माझीच शिसारी आली. मी ताट पुढे केलं.