फळीवरचं मडकं

काशीबाईची जीभ कशी आहे हे अख्ख्या मालवण बंदराला ठाऊक. तिच्या खाणावळीत कुणी पानात भात टाकला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण रहमिम झिराडकर आले की बाईचा आवाज आपसूक खाली यायचा.

झिराडकर अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पंचेचाळीस साली ते रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून इथे होते. त्यांचा नऊ वर्षांचा शालोम तीन दिवसांच्या तापात गेला. आसपास त्यांच्या धर्माचं एकही माणूस नव्हतं. गावाबाहेर काजूच्या झाडाखाली बापाने एकट्यानेच पोराला माती दिली. पुढे बदली झाली, तरी दर वर्षी त्या तिथीला ते बोटीने यायचे. दिवसभर थडग्यापाशी बसायचे, पाण्याचा थेंबही नाही. दिवेलागणीला काशीबाईकडे उपास सोडायचे.

जेवण त्यांच्या नियमातलं. खवले आणि पर असलेला मासा चालायचा. कोळंबी, तिसऱ्या आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वर्ज्य. त्या ज्या भांड्यात शिजल्या ते भांडंही वर्ज्य. काशीबाईने पहिल्याच वर्षी कोरं मडकं आणून उंच फळीवर ठेवलं होतं. "ह्या तुमचा. दुसऱ्या कोणाचो हात लागूचो नाय," तिने शब्द दिला होता.

त्रेसष्ट साली झिराडकर काठी टेकत आले. लेक इस्राएलला निघाली होती आणि बापालाही नेत होती. "काशीबाई, हे शेवटचं," एवढंच सांगून ते सकाळी काजूखाली जाऊन बसले.

संध्याकाळी काशीबाईने बांगडे साफ केले, मडकं खाली काढलं आणि सवयीने आतून हात फिरवला. बोटाला कुर्लीच्या पायाचा लाल तुकडा लागला. तिने सुनेला हाक मारून तो दाखवला.

तिची सून सुगंधा गेल्या वैशाखातच घरात आलेली. ती रडवेली झाली. "परवा माझो भाव कुर्ल्यो घेऊन इलो. तुमी बाजारात होतात, सगळी भांडी अडकलेली. माका कोणी सांगूक नाय." मग हळूच म्हणाली, "मी घासून धुतलंय. तेंका खंय कळतला?"

खरंच कळलं नसतं. म्हातारा सकाळपासून उपाशी, कुंभारवाडा दोन कोस लांब. गप्प बसलं तर बिचारा पोटभर जेवून, तृप्त होऊन उठला असता. काशीबाईने बांगडे उचलून मडक्यात टाकायला घेतलेही. पण तिला ते जमेना. तिचीच तिला लाज वाटली.

झिराडकर हातपाय धुऊन पाटावर बसले. काशीबाईने रिकामं मडकं त्यांच्यासमोर ठेवलं. "साहेबांनू, ह्यात कुर्ल्यो शिजल्यो. चूक सुनेची नाय, माझी. तिका सांगूक माका सुचाक नाय."

झिराडकरांनी मडकं हळूच बाजूला सरकवलं. म्हणाले, "नारळ आहे? आणि मूठभर पोहे?"

त्यांनी पायरीवर नारळ फोडला, त्याच्याच पाण्यात केळीच्या पानावर पोहे भिजवले, आपल्या चाकूने खोबऱ्याचे काप केले आणि गुळाबरोबर खाऊ लागले. "आमच्यात नवसाला असंच काहीसं करतात," ते म्हणाले. मग खाता खाता थांबले. "काशीबाई, खोटं कशाला बोलू? दर वर्षी पहिल्या घासाला मनात यायचं, ही बाई खरंच मडकं जपत असेल का? ती शंका आज फिटली."

"अठरा वर्षां संशय घेतलात?"

"घेतला. माफ करा."

काशीबाईला रागही आला आणि रडूही. तिने गुळाचा आणखी एक खडा त्यांच्या पानावर ठेवला.

झिराडकरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुढच्या वीस वर्षांच्या तारखा, एकाखाली एक, त्यांच्या अक्षरात. "आमची तिथी दर वर्षी हलते, म्हणून लिहून काढल्यात. त्या दिवशी शालोमपाशी एक पणती लावायची. कागद कोणाच्या हाती द्यावा हेच ठरत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते बोटीत चढले. काशीबाईने मडकं फोडलं नाही. कागद त्यातच ठेवून ते पुन्हा फळीवर चढवलं आणि या खेपेला ते कशासाठी आहे हे सगळ्यांत आधी सुनेला सांगितलं. काशीबाईला स्वतःला वाचता येत नव्हतं. पहिली तारीख सुगंधाने वाचली. त्या दिवशी काजूखाली पणती लागेपर्यंत दोघींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.