रंभाबाईचा पाय

दिघोरीच्या तलावाच्या पाळीवरून जीप खाली उतरली तेव्हा सिस्टर लुचियाचे डोळे मिटत होते. इटलीतून भंडाऱ्यात येऊन तिचं अर्धं आयुष्य सरलं होतं. मिशनच्या दवाखान्यातून निघायचं, गावोगाव हत्तीपायाच्या रोग्यांचे पाय धुवायचे, मलम लावून पट्टी बांधायची आणि पुढल्या गावाला जायचं. पूर्वी या वाटेवर ती गुणगुणत असे. आता जीपमधून उतरायचं म्हटलं तरी गुडघ्यांची विनवणी करावी लागे. महिनाअखेर ती कायमची परत जाणार होती. संस्थेनंच बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं.

"सिस्टर, किती झनाईचा धरम बदलवला?" पानठेल्यावरून जागेश्वरनं हाक दिली.

"एकाचाही नाही."

"मंग कायले येता?"

या प्रश्नाला तिच्याकडे एक छान उत्तर असे, प्रेमाबद्दल, सेवेबद्दल. आज ते तोंडात येईचना. "पाय धुवाले," ती म्हणाली आणि गल्लीत वळली.

रंभाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेलेला, मुलगा नागपूरला, घरात एकटीच. तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला. सिस्टरनं लुगड्याचा काठ सारला आणि वास आला. बोटांच्या बेचक्यांत पुन्हा चिघळलं होतं. मागच्या खेपेला दिलेला साबण कोनाड्यात तसाच होता, कागदही न फाडलेला.

सिस्टरचा तोल गेला. "रंभाबाई, रोज धुवायचा म्हणून किती वेळा सांगितलं? माझं ऐकायचंच नसेल तर मी येते तरी कशाला?"

रंभाबाई पायाकडे बघत हळूच म्हणाली, "धुतला असता त बरा झाला असता. बरा झाल्यावर तुमी आल्या असत्या का?"

सिस्टर उकिडवी बसली होती ती तशीच खाली टेकली. खोटं बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

"मी आता येणार नाही, रंभाबाई. माझ्या गावी चालले. कायमची."

"काहून?"

"म्हातारी झाले."

"तिथं कोन हाये तुमचं?"

सिस्टरनं आठवून पाहिलं. आईवडील कधीच गेले. भाऊ फोनवर बोलताना मध्येच गप्प होई; भाच्यांना ती फोटोतली आत्या. "खास कोणी नाही. एक खोली मिळेल. शेजारी अजून म्हाताऱ्या सिस्टर."

"त तुमी बी माह्यासारख्याच," रंभाबाई म्हणाली. मग तिनं घमेलं ओढलं, साबणाचा कागद दातानं फाडला आणि स्वतःच पाय धुवायला लागली. सिस्टर उठू लागली तशी तिनं दटावलं, "बसा चुपचाप."

"बोटांच्या मध्ये," सिस्टर पुटपुटली. "नीट कोरडं करा..."

पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा डोक्याखाली घडी घातलेलं लुगडं होतं, आणि रंभाबाई दारातल्या श्रावणला, जीपच्या ड्रायव्हरला, दबक्या आवाजात झापत होती. "थकली हाये बाई. झोपू दे नं!"

पाय स्वच्छ, कोरडा होता. सिस्टरनं मलम लावलं, पट्टी बांधली. "आता अपेक्षा येईल, आमची नर्स. तुमच्याच भागातली आहे."

"अन् पाय बरा झाला तरी येईन का ते?"

"येईल. मी सांगून जाते तिला. चहा प्यायला येईल."

"माह्या हातचा चहा त तुमी बी नाई पेल्या कधी. आल्या का पाय धुतला अन् निंगाल्या."

खरंच होतं ते. श्रावणनं दारातून सांगितलं, "सिस्टर, अड्याळचे लोक वाट पाहून राहिले."

"पाहू दे," सिस्टर म्हणाली आणि भिंतीला टेकली. "ठेवा चहा, रंभाबाई. साखर जास्त."