चादरीचं दुसरं टोक

सुदेश पाटकरला पालिकेने निळं जाकीट दिलं आणि 'उल्हास छाया' सोसायटीत माणसं अंघोळ करतानाही दबक्या हाताने तांब्या बुडवायला लागली.

त्या वर्षी धरणं लवकर तळाला गेली. पालिकेने हुकूम काढला : घरात माणसं किती ते मोजायचं, माणशी पाणी ठरवून द्यायचं, आणि जो जास्त वापरेल त्याचा नळ बंद करायचा. प्रत्येक घराला मीटर बसले. प्रत्येक सोसायटीत एक 'जलरक्षक' नेमला गेला. हुकूम कोणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ज्याने लिहिला त्याने जन्मात स्वतःची बनियन धुतलेली नसावी, असं रमाबाई हाटे यांचं ठाम मत होतं.

रमाबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आंबिवली स्टेशनच्या बाजूला ही इमारत. गॅलरीत उभं राहिलं की नदीचा एक तुकडा दिसायचा. टेलिफोन खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. ओरडणाऱ्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग एकाच वाक्यात त्याला गप्प करायचं, ही कला त्यांना खात्याने शिकवली होती. नवरा सखाराम रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दांडगा गडी. निवृत्त झाला आणि पुढच्याच हिवाळ्यात अर्धांगवायूने आडवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं, लघवी-शौचाचा ताबा सुटला. तेव्हापासून रमाबाई त्याला कुशीवर वळवायच्या, पुसायच्या, चादर बदलायच्या, धुवायच्या, आणि दुपारी पुन्हा पहिल्यापासून. अंगाखाली ओल राहिली की पाठीला जखमा होतात, हे त्यांना डॉक्टरने सांगितलं होतं. पालिकेला कोणी सांगितलं नव्हतं.

सुदेशचा धंदा खोल्या भाड्याने लावून देण्याचा. सोसायटीचा सेक्रेटरीही तोच, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. जाकीट मिळाल्यावर मात्र गडी ओळखू येईना. मे महिन्याच्या उकाड्यात तो ते गळ्यापर्यंत चेन लावून घालायचा आणि घामाने थबथबून घराघरांत शिरायचा. "काकी, भांडी टबात धुता की नळाखाली? जरा बघू." बायकांच्या मोरीत डोकावताना त्याच्या चेहऱ्यावर जो राष्ट्रकार्याचा भाव असायचा, तो बघून रमाबाईंना हसावं की लाटणं घ्यावं ते कळायचं नाही.

त्याने लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहिलं : 'पाण्याचे वैरी'. खाली पहिलंच नाव 'हाटे'.

"अरे सुदेश," तो मीटर बघायला दारात आला तेव्हा रमाबाई म्हणाल्या, "माझ्या घरात काय आहे ते तुला माहीत आहे ना? यांना उचलून रिक्षात घालताना तूच हात दिला होतास."

"काकी, मला पर्सनली सगळं माहितीये. पण मीटरला माहीत नसतं ना! दोन मेंबर म्हणजे दोन मेंबर."

समोरच्या दारात प्राची उभी होती. बँकेत होती ती, शिकलेली, नीटनेटकी. सोसायटीच्या ग्रुपवर सुदेशच्या प्रत्येक सूचनेखाली तिचे जोडलेले हात सगळ्यात आधी पडायचे. "काकी, वाईट वाटून घेऊ नका हां," ती म्हणाली, "पण सगळ्यांनाच ॲडजस्ट करावं लागतं."

ॲडजस्ट तर ती करतच होती. हुकुमात झाडांसाठी जादा पाण्याची सवलत होती. हे कळल्यावर सोसायटीला एकाएकी हिरवाईचा पुळका आला होता. ज्यांच्या घरी कोथिंबीरसुद्धा पिवळी पडायची त्यांच्या गॅलऱ्या कुंड्यांनी भरल्या. प्राचीकडच्या अर्ध्या कुंड्यांत प्लास्टिकची फुलं होती. सुदेश खालून मान वर करून मोजायचा; खालून काय, सगळंच हिरवं.

रमाबाई शेजारणीला थोडा वेळ सखारामपाशी बसवून पालिकेच्या विभाग कार्यालयात गेल्या. उपअभियंता तरुण होता, सभ्य होता. एवढंच, की त्याने सगळं बोलणं कॉम्प्युटरकडे बघत केलं.

"मॅडम, मेंबर किती?"

"दोन. त्यातला एक अंथरुणाला खिळलेला आहे."

"हो, पण तो एकच आहे ना?"

"एकच आहे. पण दिवसातून चार वेळा चादर भिजवतो."

उपअभियंत्याने बराच वेळ बटणं दाबली. "सिस्टममध्ये पेशंट नाहीये, मॅडम. कुंड्या आहेत. पाळीव प्राणी आहेत. तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही."

"मांजर?"

"नवरा आहे."

तो हसला नाही. त्याला खरोखरच मदत करायची होती. "मग असं करा, कुंड्या दाखवा. दहा-बारा कुंड्या दाखवल्या की तुमचं काम भागेल. ठेवायलाच पाहिजेत असंही नाही."

"म्हणजे मी माझ्या नवऱ्याला गुलाबाच्या नावाने अंघोळ घालू?"

"नाव काही घालावं लागत नाही. फक्त संख्या."

रमाबाई उठल्या. "साहेब, लबाडीच करायची असती तर या उन्हात इथवर आले नसते. घरबसल्या केली असती. आमच्या सोसायटीत सगळे करतात." त्याने मान डोलावली आणि पुढच्या माणसाला मेंबर किती ते विचारलं.

मग तो रविवार आला.

'उल्हास छाया'ला 'आदर्श जलबचत सोसायटी'चा मान मिळणार होता. नगरसेवक धनेशशेठ स्वतः येणार होते, बरोबर उपअभियंता. सुदेशने आवारात मांडव घातला, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढवल्या. आवारात धूळ फार, म्हणून फरसबंदी धुवायला त्याने भरलेला टँकर मागवला. पाणी वाचवल्याच्या सत्काराला टँकरभर पाणी! पण हुकूम घरांसाठी होता, आणि आवार म्हणजे काही घर नव्हे. शिवाय सोसायटीच्या पाण्याचा आठवड्याचा आकडा बिघडू नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने गच्चीवर जाऊन हाट्यांच्या नळाचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करून टाकला. ग्रुपवर लिहिलं : 'एका दिवसाचा प्रश्न आहे. सोसायटीच्या इज्जतीसाठी सहकार्य करावे.' खाली प्राचीचे जोडलेले हात.

नेमकं त्याच सकाळी सखारामचं पोट बिघडलं. दोन्ही चादरी, खालचं रबरी कापड, लुंगी, सगळं खराब झालं. भरून ठेवलेल्या बादलीत त्याला जेमतेम स्वच्छ पुसून झालं. चादरी मोरीत तशाच पडल्या आणि घरभर वास सुटला. सखाराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लाज वाटली की तो असाच करायचा.

रमाबाईंनी सुदेशला फोन लावला.

"काकी, बारापर्यंत थांबा ना! पाहुणे गेले की लगेच सोडतो."

त्यांनी प्राचीचं दार वाजवलं. प्राचीने नाकाला ओढणी लावली. "दिलं असतं हो काकी, पण आमचाही आकडा लिमिटवर आलाय." दार हळूच, अगदी सभ्यपणे बंद झालं.

घरात परत येतात तोच खालून आवाज आला. धो-धो पाणी पडत होतं.

"पा...ऊस?" सखारामने भिंतीकडूनच विचारलं.

"पाऊस कुठला! सुदेश आहे."

त्या गॅलरीत गेल्या. खाली टँकरवाला जाड पाईप धरून फरशा धूत होता. पाणी मांडवाखालून वाहत गेटबाहेर गटारात चाललं होतं. रमाबाई ते बघत राहिल्या. मग आत आल्या, पदर खोचला, चादरी टबात भरल्या, निळ्या साबणाची वडी घेतली आणि लिफ्टने खाली उतरल्या.

टँकरवाला गोविंदा त्यांना ओळखत नव्हता. टबात काय आहे ते त्याने पाहिलं, वास घेतला आणि पाईप त्यांच्याकडे वळवला. रमाबाई मांडवाच्या कडेला, पहिल्या रांगेसमोरच, बसल्या आणि चादर घासायला लागल्या.

खुर्च्यांवरची माणसं आधी कुजबुजली, मग नाकाला रुमाल लावून मागे सरकली. सुदेश धावत आला. जाकिटाच्या आत त्याचा नुसता काढा झाला होता.

"काकी! काय हे? पाहुणे गेटपाशी आलेत! लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या घरी कोणी आजारी पडत नाही का?"

"पण परमिशन नको का घ्यायला? हे सोसायटीचं पाणी आहे!"

रमाबाईंनी हात थांबवला. खात्यातला तो जुना आवाज आपोआप लागला. शांत, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. "सुदेश, माझे आजोबा महाडच्या तळ्यावर गेले होते. पाण्याला हात लावायला परवानगी मागायची सवय आमच्या घराण्याने तिथे सोडली. तुझ्या जाकिटासाठी ती मी परत लावून घेणार नाही."

सुदेशला महाड एवढंच ठाऊक होतं, की गावी जाताना तिथे वडापाव खायला गाडी थांबते.  पण मागच्या एक-दोन खुर्च्यांवरच्या माणसांनी मान खाली घातली.

तेवढ्यात धनेशशेठ आत शिरले. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरेशुभ्र बूट. मागे उपअभियंता. काय चाललंय ते शेठना कळलं नाही. पण चार जणांनी मोबाईल उभे धरलेत, हे लगेच कळलं. हा माणूस मोबाईलसमोर कधीच गोंधळायचा नाही. ते तडक रमाबाईंपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, अहो, आम्हाला आधी सांगायचं नाही का! मी तुमच्या मुलासारखाच."

"मुलासारखा?"

"अगदी मुलासारखा!"

"मग हे दुसरं टोक धरा," रमाबाई म्हणाल्या आणि ओल्या चादरीचा पदर त्यांच्या हातात दिला. "पिळायची आहे. मला एकटीला होत नाही."

शेठनी सुदेशकडे पाहिलं. सुदेशने उपअभियंत्याकडे. उपअभियंत्याकडे तेव्हा नेमका कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तो आभाळाकडे बघायला लागला. मोबाईल आणखी वर आले. धनेशशेठनी चादर धरली.

"पीळ द्या. अहो, तुम्ही माझ्याच बाजूला फिरवताय, उलटा द्या. आणि घट्ट धरा. खाली पडली तर परत धुवावी लागेल, आणि पाणी माणशी मोजून आहे."

चादरीतून गढूळ पाण्याची धार लागली ती सरळ पांढऱ्या बुटांवर. शेठ चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून पिळत राहिले; ते हसू आता दाढदुखीसारखं दिसत होतं. एक चादर झाली, मग दुसरीही झाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

व्हॉल्व्ह पाच मिनिटांत उघडला गेला. सुदेश स्वतः गच्चीवर पळाला. सत्कार मात्र व्हायचा तो झालाच. ढाल दिली गेली, टाळ्या वाजल्या, 'थेंब थेंब वाचवा' असं भाषण ओल्या फरशीवर उभं राहून झालं. रमाबाई त्याला थांबल्या नाहीत.

लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा त्यांनी टबातल्या चादरींवर पदर ओढला. एवढी वर्षं त्या या चादरी घरातल्या दोरीवर वाळवत आल्या होत्या, गॅलरीत कधी नाही. नवऱ्याची लाज त्यांनी स्वतःच्या लाजेपेक्षा जपली होती. आणि आज सगळ्या सोसायटीसमोर, मोबाईलसमोर, ती टबात घालून नेली. वर आल्यावर त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. काही गाळलं नाही.

सखारामने भिंतीकडचं तोंड वळवलं. खूप वेळाने शब्द जुळवून त्याने विचारलं, "बू...ट?"

"भिजले. आतपर्यंत."

त्याचं अर्धं तोंड हसलं. मग सगळा पलंग हलायला लागला इतका तो हसला, आणि रमाबाईंना त्याला पुन्हा सरळ करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात स्टेशनबाहेर फलक लागला : 'रुग्णसेवा हाच आमचा धर्म'. चादर पिळणारे धनेशशेठ त्यावर मोठे होते. रमाबाईंचा फक्त एक हात आला होता, कोपरापर्यंत. पालिकेनेही घाईघाईने सवलत जाहीर केली : ज्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, त्या घराला जादा पाणी, डॉक्टरचा दाखला जोडावा.

आणि बघता बघता 'उल्हास छाया' आजारी पडली. रोज जिने चढून-उतरून व्यायाम करणारे गृहस्थ कमरेतून गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई, ज्या सकाळी बाजारात भाजीवाल्याशी कडाकडा भांडायच्या, त्या दुपारी कागदोपत्री निपचित पडल्या. सुदेशची आई चिपळूणजवळ गावी भातशेती बघत होती. ती आंबिवलीत मुलाच्या घरी अंथरुणाला खिळली, आणि तिला तिकडे याचा पत्ताही नव्हता. एवढे लुळे-पांगळे एका इमारतीत कसे, असं कोणीही विचारलं नाही. प्लास्टिकच्या कुंड्या तेवढ्या एकेक करून कचऱ्यात गेल्या. त्यांची गरज संपली होती.

एका सकाळी रमाबाई सखारामला अंघोळ घालायच्या तयारीत होत्या तेव्हा बेल वाजली. दारात प्राची होती, हातात दाखला. नवऱ्याच्या मणक्याचा. नवरा तिच्या मागेच, बॅट काखेत मारून, लिफ्टची वाट बघत उभा होता.

"काकी," प्राची आर्जवाने म्हणाली, "तुमचं झालंय ना मंजूर? पेशंट उठू शकत नाही असं लिहायचं, की वळूही शकत नाही असं? कशाला जास्त मिळतं?"

रमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. त्याने बॅट पाठीमागे नेली.

"वळू शकत नाही असं लिही," त्या म्हणाल्या. "आणि मग वळव त्याला रोज. दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा."

त्यांनी दार लावलं. मोरीत बादली भरून वाहायला लागली होती. त्यांनी आधी नळ बंद केला, मग पाणी हाताने पाहिलं, कोमट होतं.

"को...ण?" सखारामने विचारलं.

"एक पेशंट," रमाबाई म्हणाल्या, आणि ओला टॉवेल त्याच्या पाठीवरून फिरवायला लागल्या.