रंग वाळेपर्यंत

शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही, अशातला गडी म्हणजे राहनाळचा केसरीनाथ.

त्याच्या लेकीचं, क्षितिजाचं लग्न रविवारवर आलं होतं. ज्या लाल मारुतीवर ती गाडी चालवायला शिकली, त्याच मारुतीतून तिला सासरी जायचं होतं, आणि चालवायची बापानेच. पण मानकोलीच्या रस्त्यावर डंपरांची खडी लागून बोनेटच्या रंगाचे जागोजागी टवके निघाले होते.

दौलतचं रंगाचं गॅरेज भिवंडीत, अब्दुर्रहमानच्या लूमच्या कारखान्याला खेटून होतं. लूम चालू असली की हवेत कापूस उडतो आणि ओल्या रंगावर बसतो. म्हणून दौलत शेवटचा हात शुक्रवारीच मारायचा, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. हे त्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"आजच मार," केसरीनाथ म्हणाला. "उद्यापरेंत माजा जीव र्‍हाचा न्हाय."

दौलतने गुरुवारीच रंग मारला. संध्याकाळी पाहतात तर लाल बोनेटला पांढरी दाढी फुटलेली. चूक आपली, पण केसरीनाथ तरातरा कारखान्यात गेला आणि कामगारांदेखत म्हाताऱ्या अब्दुर्रहमानला नाही नाही ते बोलला.

शुक्रवारी दौलतने बोनेट घासून पुन्हा तयार केलं. पण लोडशेडिंगने माल अडकल्यामुळे नेमक्या त्याच शुक्रवारी लूम धडधडत होत्या. केसरीनाथ पायरीवर डोकं धरून बसला. बंद करा म्हणावं, तर कोणत्या तोंडाने?

दुपारच्या नमाजानंतर धडधड पुन्हा सुरूच झाली नाही. अब्दुर्रहमान बादली घेऊन बाहेर आला आणि धूळ बसावी म्हणून गल्लीत पाणी शिंपडू लागला.

"दौलत, मार आता. रंग वालंपरेंत लूम बंद हाय."

"चाचा, तुमचा माल..." केसरीनाथ उठला.

"माल उद्या बी निघंल. पोर एकदाच जाते."

"काल मी लय बोललो तुमाला."

"बोललास. आता पानी मार."

केसरीनाथने बादली घेतली. सख्ख्या भावाने केलं नसतं ते या माणसाने केलं, हे त्याने हळदीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, काहींना दोनदा.

रविवारी लेकीला घेऊन निघताना त्याने गाडी मुद्दाम त्या गल्लीत घातली. मागे नवराबायको, पुढे बाप. बोनेट आरशासारखं चमकत होतं. कारखान्याजवळ येताच लूम एकेक करून थांबल्या आणि कामगार दारात येऊन उभे राहिले. अब्दुर्रहमानच्या बायकोने, हबीबाने, गाडीच्या खिडकीतून क्षितिजाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता कशाला बंद केल्या, चाचा? रंग कवाच वालला."

"रंगासाटी न्हाय," अब्दुर्रहमान म्हणाला. "पोर चाललीय ना."

मांडवात एक टिपूस न गाळलेल्या केसरीनाथला समोरचा रस्ता दिसेना. तो तसाच स्टिअरिंग धरून बसून राहिला.

मागचं दार उघडलं. शालू सावरत क्षितिजा पुढे आली.

"बाबा, सरका तिकडं," ती म्हणाली. "मी चालवते."