पलीकडची हाक

नदीकाठच्या त्या गावाचं नाव पाटीवर चांगलं पाच अक्षरी आहे. पण गावात पाचही अक्षरं म्हणायची कुणाची बिशाद! मधली दोन गिळायची, शेवटचं लांबवायचं, की झालं. पाटी वाचून बोलेल तो परका. होडीवाले अप्पा तर जन्मभर याच हिशेबाने होडी चालवत आले. येणाऱ्याने पलीकडच्या काठावरून गावाचं नाव घेऊन हाक मारायची, ही रीत. घरच्यासारखं नाव आलं की आपलं माणूस. मग ते एकटं का असेना, होडी लगेच सुटायची. पाटीवरचं आलं की अप्पा म्हणायचे, "बसू दे. चार माणसं जमली की बघू."

त्यांची लेक बेबी शहरात बसस्टँडवर माइकवरून गावांची नावं पुकारते. नवीन होती तेव्हा तिने आपल्या गावाचं नाव घरच्यासारखंच घेतलं आणि अख्खं ऑफिस खो खो हसलं. बेबी हट्टी, थेट बापावर गेलेली. आरशासमोर उभं राहून तिने ते नाव घासूनपुसून लख्ख केलं. पुढे कामाच्या रगाड्यात घरी जाणं लांबतच गेलं.

मग अप्पांच्या जागी आता होडी चालवणाऱ्या दादाने बाजारात जाऊन फोन केला. "अप्पांनी अन्न सोडलंय गं. डोळे तर केव्हाच गेले. खाट खिडकीशी लावून घेतलीय, दिवसभर कान नदीकडे. बेबी आली का, एवढंच विचारतात. आता उद्यावर टाकू नकोस."

बेबी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. दुपारी काठावर पोचली तर चिटपाखरू नाही. पात्र एवढं रुंद, की पलीकडचं माणूस म्हणजे नुसता ठिपका. फोनला रेंज नाही. तिने तोंडाशी हात धरून गावाचं नाव घेत जोरात हाक मारली. पलीकडे होडीपाशी कुणीतरी उठलं, आणि परत खाली बसलं.

ऐकू गेलं नसेल, तिला वाटलं. मग तिने काय करावं? नोकरीत शिकली तेच केलं! एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, ठणठणीत. पुन्हा. पुन्हा. घशाला कोरड पडली. "दादा!" अशीही हाक मारून झाली, पण होडीवाल्याला दादा कोण म्हणत नाही? "माणसं आहेत की दगड!" असं म्हणत ती वाळूत बसली आणि रडू लागली. बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय आणि आपण इथे अडकलोय!

बऱ्याच वेळाने एक भाजीवाली आली. टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवला आणि गावाचं नाव अर्धं गिळून एकच हाक दिली. होडी सुटलीसुद्धा.

"पाहुण्या दिसता," भाजीवाली म्हणाली. "अहो, तुमच्यासारख्या हाकेला इथे होडी येत नसते."

बेबीच्या पायाखालची वाळू सरकली. ही रीत तिला का माहीत नव्हती? पण आपलंच तोंड परकं झालंय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

होडी काठाला लागली. दादाने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मघापासून तू ओरडत होतीस?"

"तू उठून परत बसलास, दादा."

"पहिल्याच हाकेला निघालो होतो गं. अप्पाच खिडकीतून म्हणाले, परकं कुणीतरी आहे, बसू दे. माझी बेबी हाक मारेल तेव्हा मी सांगतो तुला." दोघींना होडीत घेऊन तो भराभर वल्ही मारू लागला.

गावाकडच्या पायऱ्यांवर वहिनी उभी होती. तिला बघूनच दोघं काय ते समजले.

"आत्ताच गेले," वहिनी रडत म्हणाली. "ती शेवटची हाक आली ना, तशी उठायला बघत होते. बेबी आली म्हणाले, आणि मान टाकली."

बेबीने मागे वळून भाजीवालीकडे पाहिलं. ती बिचारी टोपली धरून खाली मान घालून उभी होती.

बेबी आत जाऊन खाटेपाशी बसली. अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन तिने गावाचं नाव घेतलं, अगदी त्यांच्यासारखं. आता कसं बरोबर आलं.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. पाचही अक्षरं स्वच्छ.

"परका आहे," दादा सवयीने म्हणाला.

"ऊठ," बेबी म्हणाली. "आण त्याला. कोण कुणासाठी आलंय, तुला काय माहीत?"