कस्तुराबाईंनी घासलेली साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. केनवडच्या बाजारात मोडीत निघालेल्या एका घागरीपासून माझा जन्म झाला. पुढे वाशिमच्या प्रयोगशाळेत रूपाली मॅडमनी मला चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवले आणि माझ्या अंगावर चांदीचे काटे उगवले; एकेक काटा केसाच्या हजाराव्या भागाएवढा! चांदी म्हटल्यावर तुम्ही चकाकीची अपेक्षा कराल. मी मात्र तव्याच्या बुडासारखी काळी झाले, आणि त्या काळेपणातच माझी सारी विद्या होती. माझ्या काट्यांत अडकलेल्या पदार्थावर लेसरचा किरण पडला, की त्याच्या रेणूंची क्षीण कुजबुज मोठी होते आणि रामन-यंत्र त्यांना नावानिशी ओळखते.

प्रयोगशाळेत झाडलोट करून बाजारात हळद विकणाऱ्या कस्तुराबाईंच्या मालात कापडाचा रंग आहे, असे व्यापारी बाबूलाल भर बाजारात बोलला होता. बाईंची अब्रू आता माझ्या साक्षीवर होती. म्हणूनच हळदीच्या परीक्षेच्या सकाळी माझे काळे तोंड पाहून त्यांना राहवले नाही. चिंच-मीठ लावून त्यांनी मला देवाच्या ताम्हनासारखे लख्ख घासले!

बाबूलालसमोर मॅडमनी माझ्यावर एक थेंब टाकला. यंत्राला काहीच दिसले नाही.

"पाह्यलं? रंग नाही!" कस्तुराबाई ओरडल्या.

"मावशी, तुमच्या हळदीची पाळी अजून यायची आहे. पट्टी तपासायला हा थेंब मी रंगाचाच टाकला होता."

"म्हंजे पट्टीच आंधयी!" बाबूलाल हसला.

"पट्टी घासली कोणी?"

"म्या. असं थोबाड घेऊन कोनी साक्षीले जाते का?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग मला पुसून, धुऊन, पुन्हा त्या चांदीच्या पाण्यात बुडवले.

"माह्या गाडीचा टाइम होऊन राह्यला," बाबूलाल कुरकुरला.

"बस गपचूप. माह्या हयदीले नावं ठेवाले टाइम होता ना?"

मी पुन्हा काळी झाले. या खेपेस रंगाचा थेंब यंत्राने तत्काळ ओळखला. मग माझ्या दुसऱ्या टोकावर हळद ठेवली. तिथे निव्वळ हळदच निघाली.

"बरं, चुकलं माहं," बाबूलाल पुटपुटला.

"इथं फक्त कपाट आयकून राह्यलं. बाजारात बोलला, तं बाजारातच म्हन."

सोमवारी भर बाजारात त्याला ते म्हणावे लागले.

आता मी निवृत्त होऊन काचेच्या पेटीत असते. कोणी फडके घेऊन जवळ आले, की कस्तुराबाई कडाडतात, "खबरदार! तिले कायीकुट्टच राहू द्या!"

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवाव्यात हे तुम्हाला शाळेत शिकवले असेलच. त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु माझ्यावर खरेच माया असेल, तर कृपा करून मला पुसू नका.