आजोबा, वाट द्या

“आजोबा, वाट द्या! आम्ही नुसते चालायला आलोय. तुमचे मासे तुम्हालाच!”

वेर्नाची हाक ओल्या, शेवाळलेल्या जंगलात घुमली आणि बोटीवरून उतरलेले पाहुणे हसले. अलास्काच्या या किनाऱ्यावर अस्वलाला आजोबा म्हणायचं, माणसाची चाहूल लागून ते बाजूला व्हावं म्हणून हाक देत चालायचं, हे तिला आईनं शिकवलेलं. मागून तिची भाची टेगन नुसत्या टाळ्या वाजवत येत होती. पाहुण्यांदेखत झाडीशी बोलायची तिला लाज वाटे.

टेगन आता वेर्नासकट सगळ्या वाटाड्यांची प्रमुख होती. आज तिचं सगळं लक्ष मावशीच्या उजव्या गुडघ्याकडे होतं.

“मावशी, लंगडतेयस.”

“बूट चावतोय.”

“गेल्या आठवड्यातही बूटच चावत होता. आज काही झालं ना, तर उद्यापासून बोटीवर थांबायचं. आधीच सांगून ठेवते.”

“बरं, बाईसाहेब!”

वेर्ना हसली खरी, पण मुद्दाम झपझप पावलं टाकू लागली. बोटीवर बसणं तिला शिक्षाच होती. जेवतानासुद्धा टेबलाखाली तिचा पाय हलत असायचा.

जंगल सरलं, दलदल सुरू झाली. खुरटी झाडं, काळ्या पाण्याची डबकी आणि मधून फळ्यांची अरुंद वाट. “फळी सोडायची नाही हं कुणी,” तिनं सगळ्यांना बजावलं, आणि जरा पुढे पिकलेली नारिंगी फळं दिसताच स्वतःच फळी सोडली. दलदलीतून रिकाम्या हातानं परतायचं नसतं, हेही आईचंच. पाय कुठे टाकायचा ते तिला बरोबर ठाऊक होतं. गुडघ्यानं मात्र दगा दिला आणि ती मांडीपर्यंत आत गेली.

चौघांनी ओढून तिला बाहेर काढलं. बूट आतच राहिला. “घ्या, दलदलीनं भाडं वसूल केलं!” म्हणत तिनं मुठीतली चेंदलेली फळं वाटली. सगळे हसले. टेगन हसली नाही. खाली बसून तिनं आपला कोरडा मोजा मावशीच्या पायात चढवला. 

दुसऱ्या दिवशी टेगन पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यावर गेली. वेर्नाला ठरल्याप्रमाणे बोटीवर, सगळ्यांचे कालचे चिखलाचे बूट धुवायला बसवलं होतं. बसते कसली! घडीघडी उठून कठड्याशी जात होती.

“अगं, टेक की जरा!” आचारी वैतागला. “तुझ्या येरझाऱ्यांनी बोट डुलायला लागली.”

“तू तुझं सूप ढवळ.”

खाडी शांत होती. झाडीतून टाळ्या ऐकू येत होत्या. त्या दाट झाडीत टाळ्या अस्वलाला कुठल्या ऐकू जायच्या, ही चिंता तिला बसू देत नव्हती. मग टाळ्याही थांबल्या. ब्रश हातात तसाच धरून ती उभी राहिली.

“आजोबा...” पाण्यावरून बारीक आवाज आला. “वाट द्या. आज मावशी आलेली नाही. मी आलेय.”

वेर्नाचे डोळे भरून आले. सकाळपासून पहिल्यांदाच ती स्टुलावर टेकली.

“जोरात बोल गं,” ती पुटपुटली. “त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.”